नीरम

लामूच्या धक्क्याखाली, भरती चढायच्या आधी
आम्ही गोण्यांत वाळू भरतो.
चौदा गोण्या. पंधरावी फाटकी,
तिला मी दरवर्षी शिडाच्या सुईनं शिवतो
आणि दरवर्षी ती दुसरीकडून गळते.

अथमान विचारतो. बहिणीचा पोरगा, तेरा वर्षांचा,
गाढवांमागं फिरून कंटाळलेला:
"मामा, नीरम कशाला? होडी हलकी असली तर पळेल ना?"

पळेल. पहिल्या वळणापर्यंत पळेल.
मग पोट वर करून पडेल, मेलेल्या माशासारखी.

हे मला बापानं नाही शिकवलं.
बापानं दोर शिकवले, तारे शिकवले,
दक्षिणेचा वारा कुठल्या महिन्यात खोटं बोलतो ते शिकवलं.
हे मी शिकलो त्या वर्षी,
जेव्हा मशिदीच्या ओट्यावर म्हातारे म्वालिमू म्हणाले,
"फमाऊ, आत फार साचलंय. रिकामा हो."

झालो. घरी जाऊन एकेक उचललं आणि टाकलं:
धाकट्या भावाशी लाकडाच्या हिशोबावरून झालेलं भांडण,
पाते बेटावरची ती, जिनं निरोपाला उत्तर धाडलं नाही,
आणि आईच्या तोंडात घालायचं राहिलेलं घोटभर पाणी,
मी उशिरा पोचलो म्हणून राहिलेलं.

चाळीस दिवस हलका होतो.
आवाज गोड झाला. लोक म्हणाले, फमाऊच्या चेहऱ्यावर नूर आलाय.
एक्केचाळिसाव्या दिवशी बाजारात
मासळीवालीनं सुटे दोन शिलिंग कमी दिले
आणि मी तिची टोपली लाथाडली.
मासे धुळीत पसरले. बाई काही बोलली नाही,
एकेक उचलून पदराला पुसत राहिली.
एवढासा वारा.
एवढासाच होता.

तेव्हापासून मी काही फेकत नाही. खाली उतरवतो.
नाळेत नाही, वरेमातही नाही,
मधोमध, कण्याच्या लाकडाला टेकवून,
जिथं ओल असते आणि शार्कच्या तेलाचा जुना वास.
भाऊ तिथं. आईचं पाणी सगळ्यांत तळाला.
टोपलीही आता तिथंच आहे.

पण एकदा ठेवलं की झालं, असं नसतं रे.
शीड या अंगावरून त्या अंगावर गेलं
की उजवीकडच्या गोण्या डावीकडे न्यायच्या.
हातानं. वाकून. अल्लाचं नाव घेत,
मधेच शिवीही घालत.
नमाज मला कधीकधी तशीच वाटते:
दिवसातून पाच वेळा वारा फिरतो,
पाच वेळा माणूस वाकतो
आणि इकडचं काहीतरी तिकडे नेतो.

परवा म्वालिमूंना हे सांगितलं.
हसले. एकच दात उरलाय त्यांना.
"मी तळाचं पाणी उपस म्हणालो होतो," म्हणाले,
"तू नीरमच फेकलंस, गाढवा."

वीस वर्षं! वीस वर्षांत एकदा तरी विचारायचं होतं मी.

तोल अजून साधलेला नाही.
ईदच्या दिवशी भाऊ दारावरून जातो,
मी दार अर्धं उघडं ठेवतो. अर्धंच.
आणि सजद्यात कपाळ टेकलं
की एखाद्या पहाटे ऐकू येतं:
पंधराव्या गोणीतून वाळू गळतेय,
कुठल्या बाजूला, ते कळत नाही.

अथमान, झोपलास काय?
शेलाच्या टेकड्यांकडे बघ, माथ्यावरची वाळू उडायला लागली.
ऊठ.
करवंटी घे.
आधी पाणी.